मत आहे, माप कुठे आहे?

कळमेश्वरात सध्या विजेच्या मीटरवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण आहे. चहाची टपरी असो, कृषी केंद्राचा ओटा असो की एमआयडीसीत पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर थांबलेला घोळका असो, विषय फिरून तिथेच येतो. “नवं मीटर पळते भाऊ.” ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्या बिलाचा आकडा सांगतो. त्याच ओट्यावर आणखीही मतं कानावर पडतात. बाटलीतला युरिया म्हणजे निव्वळ पाणी आहे. बीटीत आता दम राहिला नाही. हवामान केंद्रावर पाऊसच पडत नाही, म्हणून विम्याचा पैसा येत नाही.

अशी मतं अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. लोक म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं मानणारेही तितकेच आहेत. मला दोन्ही पटत नाही. या मतांच्या पोटात बहुतेक वेळा एक खरं निरीक्षण असतं. त्याला चिकटवलेलं कारण मात्र अनेकदा चुकतं. लोकांना अक्कल कमी म्हणून ते चुकत नाही. तपासून पाहायला दुसरं माप त्यांच्या हाती नसतं, म्हणून चुकतं.

मीटरचंच घ्या. महावितरणने २०२३ मध्ये राज्यभरात सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटर बसवायचं ठरवलं. सुरुवातीची कल्पना प्रीपेडची होती, मोबाइलसारखं आधी पैसे भरा आणि मग वापरा. विरोध इतका झाला की जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारला जाहीर करावं लागलं. पुढे घरोघरी जे मीटर लागू लागलं त्याला टीओडी मीटर म्हणतात. बिल पूर्वीसारखं महिन्याच्या शेवटीच येतं, फक्त कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद मीटर ठेवतं आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून स्वतःच पाठवतं. १ जुलै २०२५ पासूनच्या दररचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठेवली आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते, ती तेव्हाच वापरली जावी हा त्यामागचा हिशेब.

आता हे मीटर पळतं का? त्यासाठी वीज मोजली कशी जाते ते पाहावं लागेल. जुन्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती असायची. वीज वाहू लागली की दोन गुंडाळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चकतीत प्रवाह निर्माण होऊन ती फिरायची, आणि एक कायमचा चुंबक तिला लगाम घालायचा. चकतीचे फेरे म्हणजे युनिट. पण चकती टेकलेली असते तो टेकू वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो, धूळ बसते, घर्षण वाढतं. मग मोठा भार असला तर चकती फिरते, पण टीव्हीच्या डब्याचा, चार्जरचा किंवा राउटरचा बारीक भार तिला हलवूच शकत नाही. म्हणजे जुनं मीटर वय वाढेल तसं ग्राहकाच्या बाजूने चुकत जायचं. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये हलणारा भागच नाही. ते सेकंदाला हजारो वेळा दाब आणि प्रवाह मोजून त्यांचा गुणाकार करतं. बारीक भार त्याच्या तावडीतून सुटत नाही. १० वॉटचा टीव्हीचा डबा चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला ७.२ युनिट होतात. चकतीने जे फुकट सोडलं होतं ते नव्या मीटरने धरलं, आणि घरातल्या माणसाला बिल वाढलेलं दिसलं. त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं.

पण चकतीची मीटरं बहुतेक घरांतून कधीच गेली. आज स्मार्ट मीटर ज्याच्या जागी लागतं तेही इलेक्ट्रॉनिकच असतं, आणि मोजण्याचं तंत्र दोघांचं एकच. नवं काय, तर संदेश पाठवणारा भाग आणि आतला एक खटका, ज्यामुळे दूर बसून पुरवठा तोडता येतो. मग बिल का फुगतं? एक कारण टप्प्यांच्या दरात आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर यांत दुपटीच्या आसपास फरक आहे. वापर ९५ वरून १३० वर गेला तर माणूस म्हणतो, थोडाच वाढला. बिल मात्र त्याहून बरंच पुढे जातं. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. दुसरं कारण सरासरी बिलाचं. कित्येक घरांना महिनोन्महिने मीटर न वाचताच अंदाजे बिल येत असे. नवं मीटर लागलं आणि खरा वापर कागदावर आला. तिसरं आपल्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये मीटर बदललं आणि त्याच महिन्यात कूलरही सुरू झाला. २०० वॉटचा कूलर दिवसाला दहा तास चालवला तर महिन्याला ६० युनिट होतात. दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या आणि दोष नव्या वस्तूवर गेला.

हे सगळं खरं असलं तरी एखादं मीटर बिघडलेलं असू शकतं. म्हणून घरच्या घरी करता येणारी एक तपासणी प्रत्येकाने शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा इंग्रजीत छापलेला असतो. एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो असा त्याचा अर्थ. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. मग फक्त १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा. हा बल्ब तासाला ०.१ युनिट घेतो, म्हणजे ३२०० च्या मीटरवर तासाला ३२० लुकलुका, दर ११ सेकंदांना एक. दाब कमी-जास्त असेल तर सेकंद-दीड सेकंदाचा फरक पडेल. पण लुकलुक सहा-सात सेकंदांना होत असेल तर तक्रार करायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे. आणि सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर घराच्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणी तुमच्या लाइनवर आकडा टाकला आहे.

वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक दुरुस्ती केली आहे, तिची माहिती गावोगाव पोहोचायला हवी होती. मीटरच्या वाचनाबद्दल ग्राहकाने तक्रार केली, तर वीज कंपनीने पाच दिवसांच्या आत शेजारी दुसरं मीटर लावायचं आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. यालाच चेक मीटर म्हणतात. बिलावरून भांडणारे मला भेटत असतात, पण चेक मीटर लेखी मागितलेले फार थोडे. मीटरला विरोध करणाऱ्या मंडळींनी यावर जोर दिला नाही आणि मीटर लावणाऱ्यांनी ते आपणहून सांगितलं नाही. मला हा दुसरा दोष मोठा वाटतो. खटका दूरच्या कार्यालयात आहे, नोंद दूरच्या संगणकात आहे, रीडिंग घेणाऱ्या कंत्राटी पोरांचं काम जाणार आहे. अशा वेळी लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा ही अपेक्षाच गैर आहे.

यंत्र चुकतच नाही, असं म्हणणाऱ्यांना नागपूरचा ३० मे २०२४ हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. कळमेश्वरातही लोक एकमेकांना मोबाइलवरचा आकडा दाखवत होते, आणि त्या उन्हात तो खोटा असावा असं कुणाला वाटलंही नाही. आसपासच्या इतर केंद्रांवरचे आकडे मात्र ४४ च्या घरात होते. हवामान खात्याने दुसऱ्या उपकरणांशी ताडून पाहिलं आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं जाहीर केलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. शेजारी दुसरं उपकरण होतं, म्हणून चूक सापडली. विज्ञानाच्या कामाची हीच रीत आहे.

याच केंद्रांवर आपल्याकडच्या संत्रा बागायतदाराचा पैसा अवलंबून असतो, हे शहरातल्या वाचकाला बहुधा ठाऊक नसतं. संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारासाठी असलेली फळपीक विमा योजना हवामानावर आधारित आहे. बागेत येऊन नुकसान पाहण्यावर तिचा भर नाही. महसूल मंडळातल्या केंद्राने नोंदवलेला पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तरच भरपाई निघते. मोहपा-धापेवाड्याकडच्या कुणालाही विचारा, एका शिवारात ढगफुटीसारखा पाऊस आणि दोन कोसांवर रस्ता कोरडा, हा आपल्याकडच्या पावसाचा स्वभाव आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढलेले गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचेच असतात. त्यामुळे “केंद्रावर पाऊसच पडत नाही” या तक्रारीत तथ्य आहे. केंद्र खोटं बोलत नाही, ते तुमच्या वावरापासून लांब आहे. उपाय म्हणजे केंद्रं वाढवणं. आणि तोवर शेतकऱ्याने साध्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद वहीत ठेवावी. कायदेशीर पुरावा म्हणून ती कदाचित चालणार नाही, पण शंभर शेतकऱ्यांच्या शंभर वह्या एकाच दिवशी तहसीलवर नेल्या तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जाईल.

बाटलीतल्या युरियाचा हिशेब मात्र शेतकऱ्याने तोंडीच केला आणि तो बरोबर निघाला, हे सांगताना मला आनंद होतो. इफ्कोचा नॅनो युरिया २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आला, मे २०२२ मध्ये गुजरातेत कलोलला मोठा कारखाना सुरू झाला. ५०० मिलीची बाटली ४५ किलोच्या एका गोणीचं काम करेल, असं सांगितलं गेलं. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. सुरुवातीच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक. त्यावर उत्तर असं की जमिनीत टाकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र वाया जातं आणि पानांवर फवारलेलं बहुतेक लागू पडतं. मान्य. पण गोणीतलं ७० टक्के वाया गेलं तरी ६ किलो उरतं. बाटलीतलं सगळंच्या सगळं पिकाला लागलं तरी २० ग्रॅमचे ६ किलो कसे होणार? पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचण्या घेतल्या, तेव्हा शिफारशीइतकं नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के कमी भरलं. पुढे बाटलीतलं नत्राचं प्रमाण वाढवलं गेलं. वीस टक्केवाल्या बाटलीत वीस ग्रॅमचे शंभर ग्रॅम झाले तरी गोणीचा पल्ला लांबच आहे. कृषी केंद्रात युरियाच्या गोणीबरोबर बाटली गळ्यात मारली जात असेल तर तिला नकार द्यायला शेतकऱ्याकडे पुरेसं शास्त्र आहे.

कपाशीची गोष्ट इतकी सोपी नाही, आणि आपल्या तालुक्यासाठी ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक झाडात घातलं, की झाड अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करतं. त्यावर “ढेप खाऊन ढोरं मरतात” अशी भीती तेव्हापासून आजवर ऐकू येते. ते प्रथिन अळीच्या पोटातल्या अल्कधर्मी रसातच सक्रिय होतं आणि तिच्या आतड्यांतल्या विशिष्ट जागी चिकटून भोकं पाडतं. गाईच्या किंवा माणसाच्या पोटात ती परिस्थितीही नाही आणि ती चिकटण्याची जागाही नाही. वीस वर्षांहून अधिक काळ आपली जनावरं बीटी सरकीचीच ढेप खात आहेत. ही भीती सोडून द्यायला हरकत नाही.

दम राहिला नाही, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. हिरव्या अमेरिकन बोंडअळीवर बीटी बराच काळ चालली. गुलाबी बोंडअळी तिला पुरून उरली. पहिल्या जनुकाला तिने दाद न दिल्याचं गुजरातेत २००९ च्या सुमारास दिसलं, काही वर्षांत दुसऱ्यालाही. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. फुलं मिटून त्यांच्या डोमकळ्या झाल्या, बोंडं बाहेरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली. लोक म्हणाले, कंपन्यांनी बियाण्यातला माल कमी केला. खरं कारण उत्क्रांतीत आहे. लाखो अळ्यांतून ज्या मोजक्या विष पचवतात त्या जगतात, एकमेकींशीच संकर होतो, आणि काही वर्षांत शेतभर त्यांचीच पिलावळ. हे लांबवण्याचा उपाय पहिल्या दिवसापासून पाकिटात होता. ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीची पुडी यायची, ती बांधाच्या कडेने लावायची. त्या झाडांवर वाढलेली, विषाला बळी पडणारी पाखरं टिकाव धरलेल्या पाखरांशी जुळली की पुढची पिढी पुन्हा कमकुवत होते. पण कितीतरी पुड्या पाकिटातून निघून थेट उकिरड्यावर गेल्या, आणि त्या साध्या बियाण्याच्या उगवणीकडेही फार कुणी लक्ष दिलं नाही. ते का लावायचं हे शेतकऱ्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

त्यात भर पडली फरदडीची. पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत उभी ठेवलेली कपाशी म्हणजे गुलाबी अळीला सलग जेवणाची पंगत. ती कपाशीखेरीज फारसं काही खातही नाही. शिवाय आपण संकरित वाण लावतो. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक सारखं उतरत नाही; एका जनुकाच्या वाणात चारांतली एक सरकी बीटीविना असते. एकाच बोंडात अळीला थोडं विषारी, थोडं बिनविषारी असं खाणं मिळतं आणि ती विषाला सरावते, हे कारण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी वारंवार मांडलं. अमेरिकेत सरळ वाणं, साध्या कपाशीच्या पट्ट्यांचं कडक पालन आणि नपुंसक केलेली पाखरं सोडणं या साऱ्यांतून गुलाबी बोंडअळी नामशेष झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तीच अळी, तेच जनुक.

आता गावागावांत चोर बीटी आहे. तणनाशक मारलं तरी न जळणारी ही कपाशी देशात मंजूर नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून दाखवली. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाले तर परवडत नाहीत. हे बियाणं घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्या पाकिटावर बिल नाही, आत कोणतं जनुक किती आहे याची खात्री नाही, उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांगं थांबवलं गेलं तेव्हापासून सरकार या प्रश्नावर धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. हा सर्वांत वाईट पर्याय आहे. तंत्रज्ञान शेतात पोहोचलं, फक्त त्याची तपासणी तेवढी अडून राहिली.

मोजमाप आधी करून ठेवावं लागतं, याचं उदाहरण गोंडखैरीला आहे. तिथल्या प्रस्तावित भूमिगत कोळसा खाणीवर जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली आणि गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. विहिरी आटतील, ही त्यांची भीती. भूमिगत खाणीतलं पाणी सतत उपसावं लागतं, त्याने आसपासची पातळी खाली जाऊ शकते, म्हणून ही भीती भूगर्भशास्त्राला धरूनच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या विहिरी गावात एखाद-दुसऱ्याच असतात. उद्या खाण होवो न होवो, ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आजपासून दोरीला दगड बांधून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याची खोली मोजावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. पाच वर्षांनी तुमच्या शब्दाला वजन येईल ते या वहीमुळे.

खतं-फवारण्यांनाही हेच लागू. नवीन काही मारायचं असेल तर त्याच वावरात चार तासं न मारता सोडा, वेचणी वेगळी करा, वेगळी तोला. आणि मीटरवर शंका असेल तर तोंडी भांडण बंद करून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात चेक मीटरसाठी लेखी अर्ज द्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि पाचव्या दिवशी मीटर लागलं नाही तर तीच पोच घेऊन ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा.